मुलं पाठ केल्यासारखी का बोलतात?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, पैसे स्वतःचे आणि मित्रांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नऊ ते बारा वयाची पाच मुलं, यापूर्वी कधीही कॅमेऱ्यासमोर न आलेली. शूटिंगला सहा आठवडे उरलेत आणि चोवीस दिवसांचं शेड्युल आहे. एरवी चुरूचुरू बोलणारी ही मुलं संवाद सुरू झाला की पाढे म्हटल्यासारखी बोलतात. शेवटच्या सीनमध्ये एका मुलाला रडायचंय, ते कसं करून घ्यावं, आणि अभिनय शिकवायला बाहेरून कुणाला आणावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी अठरा वर्षं मुलांबरोबर काम करतोय. सुरुवात बालनाट्य शिबिरांपासून झाली, नंतर सिनेमासाठी मुलांची निवड आणि तालीम हेच माझं काम झालं. त्यातले बहुतेक सिनेमे तुमच्यासारख्यांचेच होते, म्हणजे दिग्दर्शकाच्या पहिल्या उमेदीचे आणि तुटपुंज्या पैशांचे. त्या अनुभवावरून सांगतो, अभिनय शिकवायला कुणालाही आणू नका. तुमच्या मुलांचं काही अडलेलं नाही. अडलंय ते तुम्ही त्यांच्या हातात दिलेल्या कागदापाशी.

शाळेतल्या मुलाच्या हातात कागद आला की ते वाचायला लागतं, आणि वाचायचं म्हटलं की पाठ्यपुस्तकाचा सूर लागतो. पहिलीपासून त्याला हेच सांगितलंय: नीट उभा राहा, मोठ्यानं वाच, शब्द खाऊ नकोस. घरी ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणणारं पोर कागदावर ‘माझं’ दिसलं की अंग आवळून ‘माझं’ म्हणतं, कारण त्याच्या लेखी ती घरची नाही, शाळेची भाषा असते. त्यात रात्री घरी काय होतं तेही लक्षात घ्या. आईवडील संवाद पाठ करून घेतात. प्रेमानंच घेतात, आपल्या लेकराचं कुठे अडू नये म्हणून. समोरच्या पात्राची वाक्यं वडील म्हणतात, मूल आपली म्हणतं, दहा वेळा, वीस वेळा. मग सेटवर समोर मित्र उभा असतो, पण मूल उत्तर देत असतं ते काल रात्रीच्या वडिलांच्या आवाजाला. मित्रानं वाक्य जरा वेगळं म्हटलं की ते गडबडतं आणि तुमच्याकडे बघतं. तुम्हाला ती पोपटपंची वाटते. मुलाच्या बाजूनं ते आज्ञाधारकपणाच असतं.

म्हणून उद्याच सगळे कागद परत घ्या. नुसता निरोप पाठवून भागणार नाही, पाचही घरी जाऊन बसा. पालकांना सांगा की संवाद पाठ करून घ्यायचे नाहीत, विचारायचेसुद्धा नाहीत. गोष्ट मात्र त्यांना पूर्ण सांगा, शेवटासकट. आपलं मूल पडद्यावर काय करणार, कुणाचा मार खाणार, कुणाला शिवी देणार हे त्यांना आधीच कळायला हवं. शूटिंगच्या मध्यावर कुठूनतरी कानावर आलं तर गाव तुमच्या बाजूनं राहत नाही, आणि त्यात गावाची चूक नसते.

कागद गेला की संवाद कुठून येणार? मुलांना सीन घडलेल्या गोष्टीसारखा सांगा. ‘हिनं तुला न सांगता तुझी सायकल दुसऱ्याला दिली. आता ती समोरून येतेय. तुला सायकल आजच पाहिजे.’ एवढंच. मग त्यांना करू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. एका सिनेमात मूळ संवाद होता, ‘तू मला फसवलंस.’ वाक्यात खोट काही नव्हती. पण तालमीत ती दहा वर्षांची मुलगी जराशी थांबली आणि म्हणाली, ‘जा, उद्यापासून मी नाही येनार तुझ्याबरं शाळेत.’ दिग्दर्शकानं तिथल्या तिथे जुनं वाक्य खोडलं. त्या वयाच्या मैत्रीत याहून मोठी शिक्षा नसते, ते तिला ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या पटकथेतही अशा बऱ्याच जागा निघतील. कथानकासाठी एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल, तर शक्यतो ते वयानं मोठ्या नटाच्या तोंडी द्या. तसं जमत नसेल तर शॉटच्या आधी मुलाच्या कानात एकदाच सांगा. आदल्या दिवशी सांगू नका.

या पद्धतीला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे तेवढीच एक श्रीमंती आहे. मोठ्या निर्मितीत पैसा असतो, पण तिथे मुलाला चार दिवस आधी आणतात, कपडे मापून घेतात आणि उभं करतात. तुम्हाला त्याच गावात राहता येतं. रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ आसाममधल्या छायगाव या आपल्याच गावात, तिथल्याच मुलांना घेऊन केला. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन आणि निर्मिती सगळं त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यांनी त्याला काही वर्षं दिली. 65 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि त्यातली भनिता दास सर्वोत्कृष्ट बालकलाकार. त्या मुलांना चिखलात लोळताना, झाडावर बसून गप्पा मारताना पाहिलं की कळतं, कॅमेरा त्यांच्या दिवसाचाच एक भाग होऊन गेलाय. काही वर्षं तुम्हाला शक्य नाहीत. सहा आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत.

त्यातले पहिले दोन आठवडे गोष्टीचं नावही काढू नका. रोज शाळा सुटल्यावर दीड-दोन तास, पाचही जण एकत्र. खेळ निवडायचे ते ऐकायला लावणारे. मला सर्वांत उपयोगी पडलेला खेळ साधा आहे. एकाच्या खिशात एक वस्तू असते आणि दुसऱ्यानं ती न मागता, न हिसकावता मिळवायची. पहिले दोन दिवस सगळे ओरडतात, विनोद करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी गप्प बसून समोरच्याचा चेहरा बघायला लागतो. तो क्षण टिपून ठेवा, कारण तुमचा सिनेमा त्या बघण्यावर उभा राहणार आहे. मूल चांगलं बोलतं की नाही याची फार चिंता करू नका, ते ऐकतं की नाही ते बघा. ऐकणाऱ्या मुलाचा क्लोजअप कधी वाया जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा आणा, बूम म्हणजे लांब दांड्यावरचा माइक आणा, शक्य असेल तर साउंड रेकॉर्डिस्टलाही बोलवा. मुलांना हवं तेवढं हाताळू द्या, हेडफोन लावून लांबच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू द्या. एकदाच त्यांना त्यांचं चित्रण दाखवा. ती हसतील, लाजतील, ‘माझा आवाज असा आहे?’ म्हणतील. ते कुतूहल तिथेच फिटू द्या. त्यानंतर शूटिंग संपेपर्यंत मॉनिटर, म्हणजे टेक दिसतो तो पडदा, मुलांसाठी बंद, आणि पालकांसाठीही बंद. स्वतःला बघितलेलं मूल पुढच्या टेकला चेहरा करायला लागतं, आणि एकदा सुरू झालं की ते मोडायला फार कष्ट पडतात. मग रोज खेळ चालू असताना कॅमेरा सुरू ठेवा. मुलांना त्याचा कंटाळा येईपर्यंत ठेवा. कंटाळा आला की तुमची निम्मी तयारी झाली.

या काळात पाचांपैकी एखादं मूल त्या भूमिकेत बसत नाही असं कळेल. स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवलेलं मूल बहुधा असतंच, शाळा त्यालाच आधी पुढे करते. त्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असते, म्हणून प्रत्येक शब्दाला हात हलतो. त्याला काढू नका. पाचांतल्या भूमिकांची अदलाबदल करून बघा, त्यासाठीच पहिले दोन आठवडे गोष्ट सांगायची नसते. शूटिंगच्या तोंडावर मुलाला काढलं तर ती गोष्ट त्या वर्गात आणि त्या गल्लीत वर्षानुवर्षं राहते. मी हे एकदा केलंय. मुलगा आठवीत जाईपर्यंत ‘सिनेमातून काढलेला’ याच नावानं ओळखला जात होता, हे मला पुढे त्याच्या बाईंकडून कळलं. आज मी ती भूमिका दुसऱ्याला दिली असती आणि त्याच्यासाठी नवी लिहायला लावली असती.

आता कायद्याचं. चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात घेता येतं, पण अटींवर, आणि बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 2017 मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांत त्या स्पष्ट आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी निर्मात्यानं आधी घ्यायची. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि जबाबदार व्यक्तीचं नाव द्यायचं. निर्मात्याचं हमीपत्र सहा महिने चालतं. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करायची. आणि मुलाला त्याच्या मनाविरुद्ध कोणत्याही कामात भाग घ्यायला लावायचं नाही.

कमी पैशांत काम करणारे अनेक जण याकडे काणाडोळा करतात. ‘गावातलीच पोरं आहेत, खेळतायत,’ असं म्हणतात. कृपया तसं करू नका. तुमची मुलं पाच आहेत, म्हणजे एक माणूस पुरेल, पण तो फक्त मुलांसाठीच हवा. त्याला सीनमधलं सामान आणायला पाठवायचं नाही आणि गर्दीही आवरायला लावायची नाही. मुलांना त्याच्याजवळ ‘मला आज नाही करायचं’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्यानं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला थांबता आलं पाहिजे. तासांचं म्हणाल तर पाच तासांनंतर थकलेल्या मुलाकडून मला वापरण्याजोगा शॉट क्वचितच मिळालाय. कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक, मुलांपासून सुरू करा. सकाळी आधी मास्टर, म्हणजे अख्ख्या सीनचा शॉट, लगेच मुलांचे क्लोजअप, आणि मोठ्या नटांचे क्लोजअप मुलं घरी गेल्यावर. मोठा नट रिकाम्या जागेकडे बघून काम करू शकतो. मुलाला समोर खरा चेहरा लागतो, म्हणून त्याच्या शॉटला मोठ्या नटानं कॅमेऱ्यामागे उभं राहायचंच. जो नट याला नकार देईल त्याला घेऊ नका.

सेटवर तुमची भाषा बदला. ‘दुःखी हो’, ‘घाबरल्यासारखं कर’ असं सांगितलं की मूल चेहरा करतं. त्याला काम सांगा: तिला जाऊ देऊ नकोस, डबा लपव, त्याला कळायच्या आत दार लाव. ‘ॲक्शन’ ओरडू नका. मुलं बोलत असतानाच हळूच कॅमेरा सुरू करा आणि मान डोलावून खूण करा. टेक छान झाला तरी टाळ्या वाजवू देऊ नका. टाळ्या पडल्या की पुढच्या टेकला मूल तेच हुबेहूब करायला जातं, आणि त्यातला जीव निघून जातो. मुलांचा पहिला किंवा दुसरा टेकच बहुतेक वेळा खरा असतो. म्हणून छायाचित्रणकाराला आत्ताच विश्वासात घ्या: प्रकाश जागेला करायचा, खुणांना नाही. मूल खडूच्या रेघेवर थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) थोडं बंद ठेवून फोकसला मोकळीक द्या. मागची पार्श्वभूमी जरा कमी धूसर झाली तर होऊ द्या. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, म्हणजे वरून बघणारी मोठ्या माणसाची नजर आपोआप जाईल. आणि आवाज शक्यतो जागेवरच घ्या. डबिंगच्या खोलीत काही महिन्यांनी ते मूल तसंच बोलत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाचा आवाज तोवर फुटूही शकतो.

कंटिन्युइटीबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या सीनमध्ये मूल सारखंच दिसण्याबद्दल, एक सांगतो, कारण ते ऐनवेळी लक्षात येतं. नऊ ते बारा या वयात सुळे आणि दुधाच्या दाढा पडतात. हसताना दिसतं. तीन आठवड्यांत एक दात गेला तर मुलाचं हसू बदलतं. सध्या कुणाचा दात हलतोय याची नोंद ठेवा आणि त्या मुलाचे मोकळ्या हसण्याचे सीन आधी घ्या. दरम्यान घरचं लग्न आलं की केस कापले जातात, हातांवर मेंदी येते. पालकांना तारखा लिहून द्या.

आता रडण्याचं. मुलाला फसवून रडवायचं नाही, यात अपवाद नाही. मी साहाय्यक होतो तेव्हा एका सेटवर एका मुलीला तिचा कुत्रा गाडीखाली आल्याचं सांगितलं गेलं. ती रडली, शॉट झाला, सगळे खूश झाले, मग तिला खरं सांगितलं. पुढचे आठ दिवस तिनं कुणाच्याही सूचनेवर विश्वास ठेवला नाही. ‘दार उघड’ म्हटलं तरी आधी पलीकडे काय आहे ते विचारायची. तो शॉट सिनेमात आहे, पण त्यापुढच्या प्रत्येक सीनमध्ये तिचे डोळे सावध आहेत. प्रेक्षकांना ते कळत नसेल. मला कळतं, आणि मी तिथे गप्प उभा होतो याची बोच अजून आहे.

खरं तर तुमच्या सीनला अश्रूंची गरज आहे का ते तपासा. तुम्ही लिहिलंय की मुलगा बैल विकला गेल्याचं कळल्यावर गोठ्यात येऊन रडतो. त्याला रडायला सांगू नका. गोठ्यात रिकामं दावं आहे. त्याला सांगा, ते सोडव आणि गुंडाळून खुंटीला लाव. गाठ मुद्दाम घट्ट मारून ठेवा, सुटायला वेळ लागेल अशी, आणि हे त्याला आधी सांगून ठेवा. कॅमेरा मागून किंवा एका कडेनं. मुलगा गाठीशी झटत राहील, नखं लावेल, दात लावेल, श्वास जोरात होईल. आधीचा सीन नीट उभा राहिला असेल तर प्रेक्षक त्या पाठीत रडणं बघतील. अश्रू हवेतच असं वाटलं तर दोन टेक करा आणि थांबा. मुलांच्या डोळ्यांत ग्लिसरीन वगैरे घालणं मला मान्य नाही.

मारामारीचा किंवा जातीवरून हिणवण्याचा सीन असेल तर त्याहून जास्त काळजी घ्या. सीनआधी दोघांना एकत्र बसवून कोण काय म्हणणार ते ठरवून घ्या, आणि संपल्यावर दोघांनी एकमेकांची पात्रं उतरवायची. मी टोपी काढायला लावतो, नसली तरी काढल्यासारखी, आणि खऱ्या नावानं एकमेकांना हाक मारायला लावतो. घराकडे जाताना ती दोघं एकत्र जातील याकडे लक्ष द्या. हिणवला जाणारा मुलगा प्रत्यक्षातही तेच भोगत असेल, तर सीन करायचा की नाही हे त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलूनच ठरवा. सिनेमा चांगल्या हेतूनं केलाय म्हणून तो शब्द त्याला कमी लागत नाही.

शेवटी, सिनेमानंतरचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. ‘श्यामची आई’त श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. ‘पथेर पांचाली’तला अपू, सुबीर बॅनर्जी, पुन्हा पडद्यावर फारसा दिसलाच नाही. दोन्ही ठीकच आहे. पण काही मुलांना पुरस्कारानंतर वाटतं की आता फोन येत राहतील, आणि ते येत नाहीत. मीरा नायर यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांना घेऊन ‘सलाम बॉम्बे!’ केला, त्यातून 1988 मध्ये अशाच मुलांसाठी काम करणारा सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तुम्हाला ट्रस्ट काढता येणार नाही. पण मुलांना आत्तापासून सांगता येईल की हा एक सिनेमा आहे, एका सुट्टीइतका, आणि पुढचा असेलच असं नाही. महोत्सवांना दरवेळी एकाच मुलाला नेऊ नका. पैसे पाचांना सारखे द्या. मोठी भूमिका, छोटी भूमिका हा हिशेब मुलांमध्ये नको. पॅक अपनंतर महिन्याभरानं, तीन महिन्यांनी आणि निकालाच्या दिवशी त्यांना फोन करा. अभ्यासाचं विचारा, सिनेमाचं विचारू नका.

सिनेमाचा पहिला खेळ शाळेच्या मैदानावर ठेवा, कुठल्याही महोत्सवाच्या आधी. मुलांना व्यासपीठावर बसवू नका, आईवडिलांजवळ सतरंजीवर बसू द्या. अंधारात आपलं मूल आईच्या दंडाला धरून बसलेलं असताना आई पहिल्यांदा त्याला पडद्यावर बघेल, तेव्हा तुम्ही मागे प्रोजेक्टरपाशी थांबा. कुणी नावं पुकारायला सांगितलं तर पाचही नावं एका दमात घ्या, वर्णानुक्रमे.